मातोश्री जिजाबाईंचे अभय

श्रीमद्भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीचे गुण सांगताना भगवंतांनी सर्वांत आधी अभयाचे नाव घेतले आहे. दान, तप, सत्य, अहिंसा, क्षमा हे सारे गुण त्याच्या मागून येतात. ह्या क्रमात मोठा अर्थ आहे. भ्यालेला मनुष्य दान करील तर तेही भीतीपोटी करील, आणि सत्य सोडील तर तेही भीतीपोटीच सोडील. मात्र अभय म्हणजे दांडगाई नव्हे, किंवा संकट न दिसण्याइतका आंधळेपणाही नव्हे. संकट डोळ्यांसमोर उभे असूनही ज्याचे चित्त भगवंतापासून ढळत नाही आणि कर्तव्याचा हात थांबत नाही, त्याच्या ठिकाणी अभय आहे असे समजावे. अरण्यात एकांती बसलेल्या तपस्व्याला ते लाभले तर नवल नाही. ज्याला गमावण्यासारखे काही नाही त्याला धमकी तरी कशाची द्यावी? परंतु पती, पुत्र, सुना, नातवंडे, घरदार आणि रयत इतक्या पाशांनी बांधलेल्या गृहस्थाश्रमी स्त्रीच्या ठिकाणी ते आढळते, तेव्हा आपणां संसारी जनांना त्याचे विशेष अगत्य वाटले पाहिजे. छत्रपती श्रीशिवाजी महाराजांच्या मातोश्री जिजाबाई ह्या अशा स्त्री होत.

आज बंगळुरू म्हणून ओळखले जाणारे नगर केंपेगौडाने 1537 मध्ये वसविले. सुमारे शंभर वर्षांनी, 1638 मध्ये, विजापूरच्या आदिलशाहीचा सेनापती रणदुल्लाखान ह्याने ते केंपेगौडाच्या वंशजाकडून जिंकून घेतले. ह्या मोहिमेत शहाजीराजे भोसले त्याच्याबरोबर होते, आणि पुढे बंगळूर, कोलार, होसकोट, बाळापूर, शिरे हा मुलूख त्यांच्याकडे जहागीर म्हणून आला. बंगळूर हे त्यांचे राहण्याचे ठिकाण झाले. तेथे त्यांनी लहानसा दरबारच थाटला होता. पंडित, कवी आणि कलावंत ह्यांचा तेथे राबता असे. जयराम पिंड्ये नावाच्या कवीने त्या दरबाराचे वर्णन करणारे राधामाधवविलासचंपू हे काव्य रचले असून इतिहासाचार्य राजवाडे ह्यांनी ते 1922 मध्ये प्रसिद्ध केले.

ह्या बंगळुरात 1640 च्या सुमारास जिजाबाई बाल शिवाजीला घेऊन पुण्याहून आल्या आणि सुमारे दोन वर्षे तेथे राहिल्या. कित्येक वर्षांच्या ताटातुटीनंतर सगळे कुटुंब एका छपराखाली आले. शहाजीराजे होते, थोरले चिरंजीव संभाजीराजे होते, आणि शहाजीराजांच्या दुसऱ्या पत्नी तुकाबाई व त्यांचे पुत्र व्यंकोजी हेही होते. सुपीक मुलूख, थंड हवा, भरलेला वाडा, मानमरातब! एखाद्या सामान्य स्त्रीने उरलेले आयुष्य तेथेच सुखाने घालविले असते. पण 1642 मध्ये शहाजीराजांनी पुणे प्रांताचा कारभार शिवाजीराजांच्या नावे करून, बरोबर विश्वासू कारभारी देऊन त्यांना परत पाठविले आणि जिजाबाई मुलाबरोबर निघाल्या. पती आणि वडील पुत्र मागे बंगळुरी राहिले. त्यानंतर त्या दोघांचा दीर्घ सहवास जिजाबाईंना पुन्हा लाभला नाही.

ज्या पुण्याला त्या परत निघाल्या त्याची हकीकत त्यांना चांगली ठाऊक होती, आणि त्याआधीचे त्यांचे आयुष्यही काही फुलांच्या पायघड्यांवरून गेलेले नव्हते. सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांची ही कन्या. देवगिरीच्या यादवांशी नाते सांगणारे हे घराणे निजामशाहीतील मोठे सरदार होते. लहान वयातच त्यांचा विवाह मालोजीराजे भोसल्यांचे पुत्र शहाजीराजे ह्यांच्याशी झाला. पण ह्या सोयरिकीतून सुखाऐवजी वैरच वाढले. खंडागळे सरदाराचा हत्ती बिथरला, त्यावरून सरदारांत तंटा पेटला, आणि त्या झटापटीत जिजाबाईंचा सख्खा भाऊ दत्ताजी व सासरचा दीर संभाजी हे दोघेही मारले गेले. माहेर व सासर दोन्हीकडे एकाच दिवशी प्रेत निघावे, ह्याहून दुर्दैव ते कोणते! पुढे 25 जुलै 1629 रोजी दौलताबादेस निजामशहाच्या दरबारात मुजऱ्यासाठी गेलेल्या लखुजीरावांना, त्यांच्या अचलोजी व राघोजी ह्या दोन पुत्रांना आणि यशवंतराव ह्या नातवाला दग्याने कापून काढण्यात आले. त्या वेळी जिजाबाईंच्या उदरात शिवाजीराजे होते.

शहाजीराजांना मोहिमांच्या धावपळीत उसंत नव्हती. म्हणून जिजाबाईंना शिवनेरी किल्ल्यावर ठेवण्यात आले, आणि तेथे 19 फेब्रुवारी 1630 रोजी शिवाजीराजांचा जन्म झाला. गडावर शिवाई देवीचे स्थान आहे. तिला केलेल्या नवसाने हा पुत्र झाला म्हणून त्याचे नाव शिवाजी ठेवले, असे परंपरा सांगते. त्याच वर्षी दख्खनेत भयंकर दुष्काळ सुरू झाला. आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने पुणे जाळून बेचिराख केले, त्यावर गाढवांचा नांगर फिरविला, आणि ही भूमी आता कायमची शापित झाली हे सर्वांना कळावे म्हणून तेथे पहार ठोकून तिला फाटकी वहाण बांधली, असे सांगतात. पुढे शहाजीराजांच्या व मोगलांच्या झगड्यात खुद्द जिजाबाई एकदा मोगलांच्या हाती सापडल्या व माहेरच्या आप्तांनी त्यांना सोडविले, असाही उल्लेख आढळतो.

मुरार जगदेवाची ती पहार म्हणजे केवळ लोखंडाचा तुकडा नव्हता. प्रजेच्या मनात शापाची भीती रुतवून ठेवण्याची ती युक्ती होती. तलवार एकदा चालते आणि म्यानात जाते. पण अशी भीती पिढ्यान्‌पिढ्या राबत राहते. जिजाबाई व बाल शिवाजी ह्यांच्या नावाने दादोजी कोंडदेवांनी पुण्याची वस्ती पुन्हा मांडली, तेव्हा ती पहार उपटून टाकली गेली आणि त्याच जमिनीवर सोन्याच्या फाळाचा नांगर धरला गेला, ही गोष्ट महाराष्ट्रात मुलांना अजून सांगतात. कसब्यातील श्रीगणपतीचे देऊळ जिजाबाईंनी बांधविले. त्याच्या जवळच लाल महाल उभा राहिला. आधी देवाला घर मिळाले, मग लोकांना धीर आला, मग बाजार भरला, आणि मग शेते पिकू लागली. पुण्याचे भाग्य ह्या क्रमाने उघडले.

शिवाजीराजांना रामायण व महाभारत ह्यांच्या कथा मातोश्रींनी सांगितल्या, हे सर्वश्रुत आहे. त्या कथांतून त्यांनी मुलाला काय दिले, ह्याचा विचार मात्र फारसा केला जात नाही. रामायणात वनवास आहे, महाभारतातही वनवास आहे. दोहोंतही धर्माने वागणाऱ्याचे राज्य जाते, त्याच्या स्त्रीची विटंबना होते, आणि देव लगेच धावून येत नाही. देवावर श्रद्धा ठेवली म्हणजे दुःख टळते, असे ह्या ग्रंथांतील एकही पान सांगत नाही. ज्या स्त्रीने पिता, भाऊ आणि दीर गमावले तिच्या मुखातून ह्या कथा ऐकणाऱ्या मुलाला त्यांचा खरा अर्थ कळला असल्यास आश्चर्य नाही.

शिवाजीराजांनी मावळात हालचाली सुरू केल्या तेव्हा पहिला तडाखा बसला तो बंगळुराकडे. 25 जुलै 1648 रोजी, म्हणजे लखुजीरावांच्या हत्येला बरोबर 19 वर्षे झाली त्याच तारखेला, जिंजीजवळच्या छावणीत आदिलशाही सेनापती मुस्तफाखानाने बाजी घोरपड्यांच्या हातून शहाजीराजांना पहाटे बेसावध गाठून कैद करविले. त्यांच्या पायांत बेड्या पडल्या. त्यांना विजापूरला नेण्याचे काम ज्याच्याकडे आले त्या सरदाराचे नाव अफजलखान. पुण्याकडे शिवाजीराजांवर फत्तेखान चालून आला, तर बंगळुरी संभाजीराजांवर फर्हादखानाची फौज गेली. बापाच्या जिवाचा धाक घालून दोन्ही पुत्रांना वाकविण्याचा हा डाव होता.

जिजाबाईंवर हा प्रसंग कसा कोसळला असेल! एका बाजूला कुंकू, दुसऱ्या बाजूला पुत्राने हाती घेतलेले कार्य. पिता दरबारात मुजऱ्याला गेला आणि परत आला नाही, हे त्यांनी पूर्वी अनुभवलेच होते. तरीही पुण्याचा वाडा शरण गेला नाही. पुरंदरच्या पायथ्याशी फत्तेखानाचा पराभव झाला, बंगळुरी संभाजीराजांनी किल्ला झुंजविला, आणि त्याच वेळी शिवाजीराजांनी मोगल शहजादा मुरादबक्ष ह्याच्याशी पत्रव्यवहार करून विजापूरवर दाब आणला. अखेर 16 मे 1649 रोजी शहाजीराजे सुटले. त्याची किंमत म्हणून कोंढाणा आणि बंगळूर ही स्थळे सोडावी लागली. ही माघार होती खरी. श्रद्धावंताने कधी एक पाऊल मागे घेऊच नये असे मानणाऱ्यांना ती खुपेल. पण जीव वाचविण्यासाठी किल्ला देणे निराळे आणि भीतीने कार्य सोडणे निराळे. किल्ले पुढे परत आले. शहाजीराजेही पुन्हा कर्नाटकात रुजू झाले.

ह्या कैदेत शहाजीराजांबरोबर मावळचे कान्होजी जेधे हेही होते. सुटकेनंतर राजांनी त्यांना आपल्याजवळ न ठेवता, मावळात जाऊन शिवाजीराजांची पाठ राखावी म्हणून शपथ घालून पाठविले. कर्नाटकाच्या वाटेवर दिलेल्या ह्या शब्दाचे मोल दहा वर्षांनी कळून आले.

दरम्यान आणखी एक घाव बसला. 1655 च्या आसपास कर्नाटकात कनकगिरीच्या वेढ्यात संभाजीराजे मारले गेले. अफजलखानाने त्यांना वेळेवर कुमक केली नाही, त्याचा त्यात दोष होता, असे मराठी बखरी म्हणतात. बंगळुराहून निघताना मागे ठेवलेला हा मुलगा असा गेला. मातोश्रींनी ह्यावर काय शोक केला ह्याची नोंद कोणी ठेवली नाही. राजकारण लिहिणाऱ्यांच्या लेखण्या अशा जागी बहुधा कोरड्या असतात.

आता 1659 साल आले. विजापूरचा सुलतान महंमद आदिलशहा तीन वर्षांपूर्वी मरण पावला होता आणि त्याचा तरुण पुत्र अली गादीवर होता. कारभार राजमाता बडी बेगम पाहत असे. शिवाजीराजांचा बंदोबस्त करण्याचा विडा अफजलखानाने उचलला. खान पूर्वी वाईचा सुभेदार होता. मावळ मुलूख, तेथील माणसे व त्यांचे आपसांतील हेवेदावे त्याला पुरते ठाऊक होते. मोठी फौज, हत्ती, तोफा घेऊन तो निघाला. पण सरळ वाईला न येता तो तुळजापूरकडे वळला. श्रीतुळजाभवानी ही भोसल्यांची कुलस्वामिनी. तेथे खानाने देवस्थानाला उपद्रव दिला. देवी फोडली असे सभासद लिहितो, तर मूळ मूर्ती आधीच सुरक्षित हलविली होती असे पुजाऱ्यांची परंपरा सांगते. तेथून पंढरपूरलाही त्याने त्रास दिला. वाटेत मलवडीस फलटणच्या बजाजी निंबाळकरांना त्याने पकडले आणि जिवाचे व धर्माचे भय घातले. बजाजी हे शिवाजीराजांच्या पत्नी सईबाई ह्यांचे बंधू. खानाच्याच फौजेतील नाईकजी पांढरे ह्यांनी जामीन राहून त्यांची सुटका केली.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. हा झगडा दोन धर्मांच्या अनुयायांचा होता असे सरसकट मानणे इतिहासाला धरून होणार नाही. खानाच्या सैन्यात घोरपडे, घाटगे, पांढरे असे मराठे सरदार होते. खुद्द भोसले कुळातील मंबाजीही त्याच्याकडे होता, आणि त्याचा वकील कृष्णाजी भास्कर हा ब्राह्मण होता. उलट प्रतापगडाखाली शिवाजीराजांबरोबर गेलेल्या दहा निवडक रक्षकांत सिद्दी इब्राहिम होता. शहाजीराजांनी आणि त्यांच्या वंशजांनी बंगळुरी आदिलशाहीच्याच छायेत देवस्थाने सांभाळली. व्यंकोजीराजांनी 1669 मध्ये मल्लिकार्जुनाच्या देवळाला गाव इनाम दिल्याचा शिलालेख आजही तेथे आहे, आणि बंगळुरूतील मल्लेश्वरम हे नाव त्याच देवावरून पडले आहे. तेव्हा खानाने देवस्थानावर घाव घातला तो शत्रूला खिजविण्यासाठी योजलेले शस्त्र म्हणून. कुलदेवतेच्या अपमानाने शिवाजीराजे संतापून डोंगर सोडतील, उघड्या मैदानावर येतील, आणि मग मोठ्या फौजेपुढे त्यांचा निभाव लागणार नाही, हा त्यामागील हिशेब होता. भय आणि क्रोध ही जुळी भावंडे आहेत. ज्याला भिवविता येत नाही त्याला चिडवून पाहतात.

तुळजापूरची बातमी राजगडावर येऊन पोहोचली तेव्हा मातोश्री तेथेच होत्या. कुलस्वामिनीचा अपमान करणारा तोच होता, ज्याने पतीला बेड्यांत नेले आणि ज्याच्यावर ज्येष्ठ पुत्राच्या मृत्यूचा आळ होता. एका मनुष्यापाशी एका घराण्याचे इतके अपराध क्वचितच जमा झाले असतील. अशा वेळी मातेच्या तोंडून संतापाचा एक शब्द गेला असता तर मुलाची तलवार म्यानात राहिली नसती. पण खान वाईला येऊन बसला, पावसाळा सुरू झाला, आठवड्यांमागून आठवडे गेले, तरी शिवाजीराजे डोंगर सोडून खाली उतरले नाहीत. देवीचे देऊळ भंगले म्हणून देवी भंगली नाही, तिला न्याय करण्यास आपल्या उतावळेपणाची गरज नाही, ही खात्री ज्या घरात असते तेथेच इतका धीर राहू शकतो. खानाच्या हिशेबात एवढीच एक रक्कम धरावयाची राहून गेली होती.

शिवाजीराजे 11 जुलै रोजी राजगडाहून प्रतापगडाकडे गेले. मावळच्या देशमुखांना खानाच्या बाजूस येण्याविषयी विजापूरची फर्माने सुटली होती. न आल्यास वतन जाईल आणि जीवही जाईल. खंडोजी खोपडे तिकडे गेले. कान्होजी जेध्यांनाही फर्मान आले. ते आपल्या पाच पुत्रांसह शिवाजीराजांपाशी आले, फर्मान पुढे ठेवले, आणि शहाजीराजांना दिलेल्या शपथेला जागून वतनावर पाणी सोडले. ते पाहून इतर देशमुखही ठाम राहिले. धमकीची मात्रा अशी एका माणसावर चालली नाही म्हणजे पुष्कळांवरची उतरते.

ह्याच दिवसांत राजगडावर सईबाईंचे दुखणे विकोपाला गेले आणि 5 सप्टेंबर 1659 रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांचा पुत्र संभाजी अवघ्या सव्वादोन वर्षांचा होता. मुलगा शत्रूच्या तोंडाशी, सून गेलेली, कडेवर पोरके नातवंड आणि गडाच्या खाली सगळीकडे खानाच्या नावाचा दरारा, अशा स्थितीत मातोश्रींनी राजगडाची घडी मोडू दिली नाही. श्रद्धेची परीक्षा रणांगणावरच होते असे नाही. ती अशा घरातही होते, जेथे रडणाऱ्या मुलाला घास भरवावयाचा असतो आणि त्याच वेळी जासुदाचे ऐकून घ्यावयाचे असते.

प्रतापगडाखाली खानाला भेटावयाचे ठरले. सल्लागारांपैकी पुष्कळांचे मत तह करावा असे होते. त्या काळात श्रीभवानीने राजांना दर्शन देऊन अभय दिल्याचे सभासद सांगतो. राजांनी आपल्यामागे राज्य कसे चालवावे ह्याची सर्व व्यवस्था लावली, मातोश्रींचा निरोप घेतला, आणि मातोश्रींनी विजयी होण्याचा आशीर्वाद देऊन थोरल्या भावाच्या मृत्यूची आठवण दिली, असाही बखरीचा दाखला आहे. दृष्टान्ताच्या हकीकतीवर कोणी विश्वास ठेवील, कोणी ठेवणार नाही. पण आशीर्वादाची गोष्ट विचार करण्यासारखी आहे. आपला पिता ज्या रीतीने गेला त्याच रीतीने, भेटीच्या मिषाने, आपला मुलगाही जाऊ शकेल, हे जिजाबाईंहून अधिक कोणाला कळत होते? तरीही त्यांनी त्याला अडविले नाही, आणि अंगात चिलखत घालण्यासही कोणी मना केले नाही. देवावर भार टाकणे आणि चिलखत घालणे ह्या दोन गोष्टींत त्या घराला विरोध दिसला नाही.

10 नोव्हेंबर 1659 रोजी भेट झाली. खानाने मिठीत घेऊन दगा केला, शिवाजीराजांनी त्याचा अंत केला आणि जावळीच्या रानात दबा धरून बसलेल्या मावळ्यांनी खानाची फौज उधळली. पुढे काय झाले हे तितकेच महत्त्वाचे आहे.  प्रतापगडाच्या पायथ्याशी त्याचे रीतसर दफन करण्यात आले. आणि 1661 मध्ये त्याच प्रतापगडावर शिवाजीराजांनी श्रीभवानीची स्थापना केली, म्हणजे तुळजापूरला जाता न येणाऱ्या भक्तांनाही तिचे दर्शन घडावे.

बजाजी निंबाळकरांच्या बाबतीत फलटणकडे एक हकीकत सांगतात. विजापुरी त्यांना जबरदस्तीने धर्मांतर करावे लागले होते, आणि त्यांना परत घेण्यास जातिबांधव कचरत असताना जिजाबाईंनी पुढाकार घेतला, असे परंपरेत म्हटले आहे. काही अभ्यासकांना ती मान्य नाही. पण बजाजींचे पुत्र महादजी ह्यांना शिवाजीराजांची कन्या सखूबाई दिली गेली, हे मात्र निश्चित आहे. भयाने पडलेल्याला कायमचा पडलेला मानावयाचे नाही, ही दृष्टी त्या घरात मुरली होती. पुढे नेताजी पालकर औरंगजेबाच्या कैदेत मुसलमान केले गेले व दहा वर्षांनी परत आले, तेव्हा 1676 मध्ये शिवाजी महाराजांनी त्यांना शुद्ध करून घेतले. मातोश्री त्या वेळी हयात नव्हत्या. जे स्वतः भीत नाहीत त्यांना दुसऱ्याच्या भीतीची कीव करता येते; कठोर निवाडे बहुधा भित्र्यांकडून होतात.

प्रतापगडानंतर संकटे संपली असे नाही. 1660 मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्यावर शिवाजीराजांना कोंडले, तेव्हा सुटकेला कोणी पोहोचत नाही हे पाहून स्वतः फौज घेऊन निघण्यास मातोश्री सिद्ध झाल्या, असे शिवभारत हा समकालीन ग्रंथ सांगतो. नेताजी पालकर आड आले आणि त्यांच्याऐवजी ते गेले. वय साठीच्या पुढचे! त्याच वर्षी शाइस्ताखान पुण्यात शिरला आणि लाल महालातच तळ देऊन बसला. गणपतीच्या देवळाशेजारी हौसेने उभारलेले ते घर तीन वर्षे शत्रूच्या ताब्यात राहिले. 5 एप्रिल 1663 च्या रात्री शिवाजीराजांनी तेथेच छापा घालून त्याला पळवून लावले.

23 जानेवारी 1664 रोजी शहाजीराजे कर्नाटकात होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून वारले. बातमी आली तेव्हा जिजाबाई सती जाण्यास निघाल्या. मरणाचे भय त्यांना नव्हतेच. शिवाजीराजांनी त्यांच्या मांडीवर बसून, गळ्याला मिठी घालून, शपथा घालून त्यांना थांबविले, असे सभासद लिहितो. त्यांच्या साऱ्या चरित्रात हा प्रसंग सर्वांत हृदयस्पर्शी म्हणावा लागेल. शत्रूपुढे न वाकलेली ती माउली येथे मुलापुढे वाकली. मरणे सोपे होते. जगणे हे कर्तव्य होते, आणि त्यांनी जगणे पत्करले. पुढील वर्षाच्या प्रारंभी सूर्यग्रहणाच्या पर्वावर महाबळेश्वरी शिवाजीराजांनी मातोश्रींची सुवर्णतुला केली.

1665 मध्ये पुरंदरच्या तहाने 23 किल्ले गेले. 1666 मध्ये राजे नऊ वर्षांच्या संभाजीसह आग्र्यास औरंगजेबाच्या भेटीला गेले, आणि राज्याचा भार मातोश्रींच्या नजरेखाली ठेवला. दरबाराला गेलेला पिता, भेटीच्या जागी गेलेला पुत्र, आणि आता पुत्राबरोबर नातूही! आग्र्याहून राजे नजरकैदेत असल्याची वार्ता आली. पुढे ते निसटल्याची आली. नंतर कित्येक दिवस काहीच आले नाही. ह्या सर्व काळात एकही गड फितला नाही आणि कोणी कारभारी पळाला नाही. रयतेच्या तंट्यांचे निवाडे चालूच होते. जिजाबाईंच्या नावची काही पत्रे आजही उपलब्ध आहेत. त्यांत वतनाचे, इनामाचे, हक्काचे साधेच विषय आहेत. सिंहासनावर बसून नव्हे, तर असल्या रोजच्या कामात बुडून त्यांनी तो काळ काढला. राजे बैराग्याच्या वेषात राजगडावर येऊन आईच्या पाया पडले, हे लोककथेतील चित्र सर्वांना प्रिय आहे.

उतारवयात रायगडावरील थंड वारा मातोश्रींना मानवेना, म्हणून गडाच्या पायथ्याशी पाचाड येथे त्यांच्यासाठी वाडा बांधण्यात आला. 6 जून 1674 रोजी रायगडावर शिवाजीराजांना राज्याभिषेक झाला. ज्या भूमीत पहार ठोकून वहाण बांधली होती, तिचा छत्रपती झालेला मुलगा त्यांनी डोळे भरून पाहिला. त्यानंतर अकराव्या दिवशी, 17 जून 1674 रोजी, ज्येष्ठ वद्य नवमीला पाचाडच्या वाड्यात त्यांनी देह ठेवला. त्यांची समाधी तेथेच आहे. शहाजीराजांची समाधी तेथून शेकडो मैल दूर, कर्नाटकात होदिगेरे येथे आहे. बंगळुराच्या त्या दोन वर्षांनंतर दुरावलेले ते दोघे पतिपत्नी असे दोन प्रांतांत विसावले आहेत. रायगडाकडे जाणारे यात्रेकरू आजही गड चढण्यापूर्वी पाचाडला थांबतात आणि समाधीवर फुले वाहून मग पुढे जातात.